न विरघळणारे दुःख : हिंसक कलाचित्रपट आणि प्रेक्षकाचे मन

चित्रपटात हिंसा नवी नाही, आणि बहुतेक चित्रपटांत ती प्रेक्षकाला फारशी सलतही नाही, कारण लोकप्रिय कथेत हिंसेची जागा आधीच ठरलेली असते : खलनायकाने केलेला अत्याचार नायकाच्या सूडाने फिटतो, मारामारीला संगीताचा ठेका मिळतो, मृत्यू दोन-चार क्षणांत मागे पडतो आणि चित्रपटगृहातून बाहेर पडणाऱ्याला हिशेब पुरा झाल्याचे समाधान लाभते. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून युरोपातील काही दिग्दर्शकांनी हा हिशेब जाणूनबुजून अपुरा ठेवला. पिएर पाओलो पाझोलिनी यांचा ‘सालो’ (१९७५), एलेम क्लिमोव्ह यांचा ‘कम अँड सी’ (१९८५), मिखाएल हानेके यांचा ‘फनी गेम्स’ (१९९७) आणि गास्पार नोए यांचा ‘इर्रेव्हर्सिबल’ (२००२) हे चित्रपट एकमेकांपासून फार वेगळे आहेत; परंतु पाहणाऱ्याला दिलासा न देण्याचा निश्चय चारही चित्रपटांत सारखाच आहे. असे चित्रपट पाहताना काहींना मळमळते, काही संतापतात, काही उठून जातात, अनेकांच्या मनातून त्यांतील एखादे दृश्य वर्षानुवर्षे जात नाही, आणि तरीही त्यांतील कित्येकांना ते पाहिल्याचा पश्चात्ताप होत नाही. या अनुभवाचे स्वरूप काय, तो किती टिकतो, त्यातून लाभ होतो की इजा, आणि त्याविषयी प्राचीन रसविचारापासून आजच्या मानसशास्त्रापर्यंत काय सांगितले गेले आहे, याचा हा आढावा आहे.

अनुभवाची सुरुवात विचारात नव्हे, शरीरात होते. पडद्यावरची जखम खोटी आहे हे पक्के ठाऊक असूनही हृदयाचे ठोके बदलतात, तळहातांना घाम सुटतो, पोटात ढवळते आणि मान आपोआप वळते. लुई बुन्युएल यांच्या ‘अँ शियाँ आंदालू’ (१९२९) या लघुपटाच्या प्रारंभी वस्तऱ्याने चिरला जाणारा डोळा मेलेल्या वासराचा होता, ही माहिती आज चित्रपटाच्या प्रत्येक अभ्यासकाला असते; तरी ते दृश्य आले की त्याच्याही पापण्या मिटतातच. ज्ञान आणि प्रतिक्षिप्त क्रिया यांच्यातील ही फूट सर्वच हिंसक चित्रपटांना उपलब्ध असते. कलाचित्रपटाचा दिग्दर्शक तिचा वापर केवळ दचकवण्यापुरता करत नाही, तर त्या अवस्थेत प्रेक्षकाला बराच काळ ठेवतो.

‘इर्रेव्हर्सिबल’ या बाबतीत सर्वांत टोकाचे उदाहरण ठरावे. कथा उलट्या क्रमाने सांगितलेल्या या चित्रपटाच्या पहिल्या अर्ध्या तासात कॅमेरा गरगरत राहतो आणि ध्वनिपट्टीत सुमारे २८ हर्ट्झ इतक्या खालच्या कंप्रतेचा, म्हणजे माणसाच्या श्रवणमर्यादेच्या तळाशी असलेला, एक घुमणारा स्वर मिसळलेला आहे. तो कानाला स्पष्ट जाणवतोच असे नाही, पण शरीर अस्वस्थ होते आणि त्याचे कारण सापडत नाही. त्यानंतर भुयारी मार्गातील बलात्काराचे दृश्य येते, आणि आतापर्यंत भरकटणारा कॅमेरा जमिनीलगत स्थिर होऊन सुमारे नऊ मिनिटे हलतच नाही. कान चित्रपट महोत्सवातील खेळात पुष्कळ प्रेक्षक उठून गेले आणि काहींना वैद्यकीय मदत द्यावी लागली. या दृश्यात भुयाराच्या दूरच्या टोकाला एक माणूस क्षणभर दिसतो, काय चालले आहे ते पाहतो आणि परत फिरतो. पहिल्यांदा पाहताना तो अनेकांच्या लक्षातही येत नाही; ज्यांच्या लक्षात येतो त्यांना मात्र स्वतःची जागा एकाएकी कळते, कारण पाहणे आणि काहीही न करणे या दोन गोष्टी तो माणूस आणि प्रेक्षक सारख्याच करत असतात. या अनुभवातील भीती आणि किळस काही तासांत ओसरते, पण त्यात मिसळलेली ही असहाय लाज अधिक काळ टिकते, आणि अशा चित्रपटांचा खरा परिणाम बहुधा तिच्यातच असतो.

हानेके यांनी हेच लक्ष्य जवळजवळ उलट्या मार्गाने गाठले आहे. ‘फनी गेम्स’मध्ये सुटीसाठी तळ्याकाठच्या घरी आलेल्या एका कुटुंबाला दोन सभ्य वागणुकीचे तरुण ओलीस धरतात आणि छळतात, परंतु हत्या जवळजवळ सर्व चौकटीबाहेर घडतात. मुलाला गोळी लागते तेव्हा कॅमेरा स्वयंपाकघरात खाणे शोधणाऱ्या मारेकऱ्याबरोबर असतो, आणि नंतर सुमारे दहा मिनिटांच्या एकसलग दृश्यात त्या खोलीतील स्तब्धता, दूरचित्रवाणीवरील मोटारशर्यतीचा आवाज आणि बांधलेल्या आईची उठण्याची धडपड एवढेच दिसते. पुढे ती आई एका मारेकऱ्यावर गोळी झाडते आणि प्रेक्षकाच्या मनात सुटकेची लाट येते, तोच दुसरा मारेकरी रिमोट कंट्रोल उचलून खुद्द चित्रपट मागे फिरवतो आणि ती गोळी झाडली गेलीच नाही असे करून टाकतो. पडद्यावर सरळ दिसलेली ही एकच हत्या, आणि प्रेक्षकाला हवी असलेलीही हीच एक. आपल्याला रक्त नको होते असे नाही, तर विशिष्ट व्यक्तीचे रक्त हवे होते, हे त्याला स्वतःविषयी कळते. या धड्यात दिग्दर्शकाचा उद्धटपणा आहे हा आक्षेप रास्त आहे. परंतु त्या दहा मिनिटांवर तो लागू होत नाही. लोकप्रिय चित्रपट ज्या शोकाला क्षणभरही थांबू देत नाही, त्या शोकाला तिथे त्याचा पुरता वेळ मिळतो.

पाझोलिनी यांची रीत थंडपणाची आहे. मार्की द साद यांच्या कादंबरीतील कथा त्यांनी मुसोलिनीच्या अखेरच्या, १९४३ ते १९४५ या काळातील सालो प्रजासत्ताकात आणली आणि सत्ताधाऱ्यांनी तरुण-तरुणींच्या शरीरांचा केलेला विध्वंस मोजक्या, समतोल, दूरच्या चौकटींत मांडला. शेवटच्या भागात मालक मंडळी आळीपाळीने खिडकीत बसून अंगणातील छळ दुर्बिणीतून पाहतात. त्या दृश्यांत किंकाळ्या ऐकू येत नाहीत. प्रेक्षकाला जे दिसते ते याच दुर्बिणीतून, त्यामुळे अत्याचाऱ्याची नजर उसनी घेतल्याखेरीज चित्रपट पाहताच येत नाही. २ नोव्हेंबर १९७५ रोजी, म्हणजे चित्रपट लोकांसमोर येण्याआधीच, पाझोलिनी यांचा ऑस्तिया येथे खून झाला आणि त्या मृत्यूची सावली चित्रपटावर कायमची पडली. ‘कम अँड सी’ची धाटणी याहून निराळी. बेलारूसमधील नाझी अत्याचारांची ही कथा फ्ल्योरा नावाच्या कोवळ्या मुलाच्या चेहऱ्यावरून सांगितली जाते. बाँबहल्ल्यानंतर त्याचे कान बधिर होतात तेव्हा प्रेक्षकालाही जगाच्या आवाजाऐवजी शिट्टीसारखा एक स्वरच ऐकू येत राहतो, आणि दोन-अडीच तासांत तो चेहरा म्हाताऱ्याचा होतो. सहलेखक आलेस आदामोविच स्वतः किशोरवयात नाझींविरुद्धच्या गनिमी लढवय्यांमध्ये होते. शेवटी माणसांसह जाळल्या गेलेल्या ६२८ खेड्यांचा आकडा पडद्यावर येतो, तेव्हा पाहिलेली यातना कल्पित राहत नाही.

पाहवत नाही आणि पाहिल्यावाचून राहवतही नाही, हा पेच चित्रपटाहून फार जुना आहे. प्लेटोच्या ‘रिपब्लिक’ या ग्रंथात लिओंतियस नावाच्या एका माणसाचा उल्लेख येतो : वधस्तंभाजवळ पडलेली प्रेते पाहण्याची इच्छा तो आधी दाबतो, तोंड झाकून घेतो आणि शेवटी डोळे ताणून त्यांच्याकडे धावत जातो, स्वतःच्याच डोळ्यांवर चिडत. प्लेटोच्या मते मनाचा एक भाग दुसऱ्याविरुद्ध उभा राहतो याचा हा पुरावा, आणि शोकनाट्यासारखी कला मनाच्या हलक्या भागाला खाऊ घालते म्हणून ती धोक्याची. ॲरिस्टॉटलने उलट बाजू घेतली. शोकात्मिका करुणा आणि भय जागवून त्यांचे विरेचन करते, म्हणजे साचलेल्या भावनांना वाट देऊन मन हलके करते, असे त्याचे सुप्रसिद्ध मत आहे. हिंसक चित्रपटांच्या समर्थनार्थ हे मत आजही सर्रास पुढे केले जाते, पण त्यात एक घोटाळा आहे. विरेचनाची कल्पना करुणा आणि भय यांच्यासाठी होती, रागासाठी आणि सूडासाठी नव्हे; शिवाय ग्रीक शोकात्मिकेत हत्या बहुधा रंगमंचाबाहेर होत आणि दूत त्यांची वार्ता आणत असे. आधुनिक प्रयोगांनीही राग मोकळा केल्याने तो शमतो या समजुतीला आधार दिलेला नाही. ब्रॅड बुशमन यांनी २००२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात राग आणणाऱ्या माणसाला मनात आणून मुष्टियुद्धाच्या पिशवीवर ठोसे मारणाऱ्यांचा राग कमी होण्याऐवजी वाढला.

भारतीय नाट्यविचारात या प्रश्नाची मांडणी अधिक सूक्ष्म आहे, आणि मराठी वाचकाला ती परकी नाही. भरताने सांगितलेल्या आठ रसांत करुण, रौद्र, भयानक आणि बीभत्स हे चार आहेत, म्हणजे शोक, क्रोध, भय आणि जुगुप्सा या भावनांना नाट्यात मानाचे स्थान आहे. आणि तरीही युद्ध, राज्यनाश, मरण, नगराला पडलेला वेढा या गोष्टी अंकात प्रत्यक्ष न दाखवता प्रवेशकातून सूचित कराव्यात असा संकेतही नाट्यशास्त्रात आहे. (भासाचे ‘ऊरुभंग’ हा संकेत पाळत नाही, दुर्योधन तेथे प्रेक्षकांसमोर प्राण सोडतो, आणि त्या नाटकाचा ठसा म्हणूनच निराळा आहे.) पुढे भट्टनायकाने साधारणीकरणाचा विचार मांडला. त्याचा आशय असा, की रंगमंचावरील शोक ना त्या पात्राचा खाजगी राहतो, ना प्रेक्षकाचा. तो व्यक्तीपासून सुटून सर्वांना आस्वाद घेता येईल असा होतो. अभिनवगुप्ताने हा विचार पुढे नेताना रसाच्या आड येणारी सात विघ्ने सांगितली आणि त्यांत प्रेक्षक स्वतःच्या सुखदुःखात गुंतून पडणे हेही एक विघ्न मानले. आजच्या प्रश्नासाठी हे निरीक्षण मोलाचे आहे, कारण ज्याच्यावर प्रत्यक्ष अत्याचार झाला आहे त्याच्यासमोर पडद्यावरील अत्याचार साधारण होऊच शकत नाही; तो त्याचाच राहतो.

अभिनवगुप्ताच्या मते सर्व रस अखेरीस आनंदरूप आहेत, आणि हीच भूमिका पुढे बहुतेकांनी स्वीकारली. करुणातून आनंद का होतो हा प्रश्न आधुनिक मराठी समीक्षेतही दीर्घकाळ चर्चिला गेला. न. चिं. केळकर यांनी १९२१ च्या बडोदे येथील साहित्य संमेलनाच्या अध्यक्षपदावरून त्यावर ‘सविकल्प समाधी’चे उत्तर दिले : वाचक स्वतःचे भान न सोडता दुसऱ्याच्या भूमिकेशी एकरूप होतो आणि या दुहेरी अवस्थेतच आनंद असतो. पण ‘सालो’ किंवा ‘इर्रेव्हर्सिबल’ पाहून उठलेल्या माणसाला तुला आनंद झाला असे सांगणे कठीण आहे, आणि तो खोटे बोलत नाही असे धरून चालले तर सिद्धांतालाच वाट करून द्यावी लागते. ती वाट बाराव्या शतकात गुजरातेतील रामचंद्र आणि गुणचंद्र या हेमचंद्रशिष्यांनी ‘नाट्यदर्पण’ ग्रंथात दाखवलेली आहे. त्यांच्या मते रस सुखात्मकही असतात आणि दुःखात्मकही. करुण, रौद्र, बीभत्स आणि भयानक हे दुःखच देतात. मग लोक ते का पाहतात? तर कवीच्या आणि नटाच्या कौशल्याने येणारा चमत्कार, म्हणजे विस्मययुक्त दाद, त्या दुःखाच्या जोडीने उभा राहतो म्हणून. आपले मस्तक उडवणाऱ्या शत्रूचे शस्त्रलाघव पाहून शूरांनाही विस्मय वाटतो, असा त्यांचा दाखला आहे. दुःखाचे आनंदात रूपांतर झाले असे येथे म्हटलेले नाही. दुःख दुःखच राहते आणि दाद वेगळी मिळते. आधुनिक हिंसक कलाचित्रपटाच्या अनुभवाला याहून जवळचे वर्णन जुन्या ग्रंथांत सापडत नाही, आणि रसविचाराच्या चर्चेत या मताला मिळालेली दुय्यम जागा अन्यायाची आहे.

मानसशास्त्रातही अलीकडे याच दिशेने काही मांडले गेले आहे. विन्फ्रिड मेनिंगहाउस आणि सहकाऱ्यांनी २०१७ मध्ये मांडलेल्या प्रतिमानानुसार कलेतील नकारात्मक भावना दोन क्रियांनी स्वीकारार्ह होतात : हे कलाकृतीत घडते आहे या जाणिवेने एक सुरक्षित अंतर तयार होते, आणि त्या अंतरामुळे मन त्या भावनेला कवेत घेऊ शकते, कारण नकारात्मक भावना लक्ष वेधून घेण्यात आणि स्मरणात राहण्यात सुखद भावनांहून प्रबळ असतात. मेरी बेथ ऑलिव्हर यांनी करमणुकीचे सुख आणि कलाकृती अर्थपूर्ण वाटणे या दोन गोष्टी वेगळ्या केल्या. जे पाहून सुख झाले नाही ते मोलाचे वाटू शकते. पहिल्या प्रतिमानातील अंतराची अट मात्र येथे अडचणीची ठरते, कारण नोए ध्वनीने, हानेके रिमोटने आणि पाझोलिनी दुर्बिणीने नेमके तेच सुरक्षित अंतर मोडतात. प्रेक्षकाला सुरक्षित वाटू न देणे हाच त्यांचा हेतू.

अंतर कसे तयार होते याचे प्रायोगिक उत्तर रिचर्ड लाझारस आणि सहकाऱ्यांनी १९६४ मध्ये दिले. ऑस्ट्रेलियातील एका आदिवासी समाजात किशोरांवर होणाऱ्या वेदनादायक दीक्षाविधीचा तोच चित्रपट त्यांनी वेगवेगळ्या गटांना वेगवेगळ्या निवेदनांसह दाखवला : एका निवेदनात वेदनेवर आणि धोक्यावर भर होता, दुसऱ्यात वेदना जवळजवळ नाकारली होती, तिसऱ्यात मानववंशशास्त्रज्ञाच्या तटस्थपणाने माहिती दिली होती, आणि एका गटाला तो मूकच दाखवला. त्वचेच्या विद्युतवाहकतेवरून, म्हणजे घाम येण्यातील सूक्ष्म बदलांवरून, मोजलेला ताण वेदनेवर भर देणाऱ्या निवेदनात सर्वाधिक आणि नाकारणाऱ्या व तटस्थ निवेदनांत कमी आढळला. चित्र तेच होते. काय पाहतो आहोत याची समज बदलली की शरीर बदलले. चित्रपटाआधी वाचलेले परीक्षण, मित्राने दिलेला इशारा, दिग्दर्शकाचा लौकिक या साऱ्या गोष्टी अशा निवेदनासारखेच काम करतात.

पाहून झाल्यावर मनात काय उरते याचा अभ्यास ‘आघातपट’ पद्धतीने होतो. या पद्धतीत संमती दिलेल्या निरोगी व्यक्तींना क्लेशकारक चित्रफिती दाखवतात आणि पुढील आठवडाभर त्यांना रोजनिशी ठेवायला सांगतात; न बोलावता मनात उमटणाऱ्या प्रतिमा, म्हणजे अनाहूत स्मृती, तिच्यात नोंदवल्या जातात. ‘इर्रेव्हर्सिबल’मधील त्या दृश्याचाही अशा प्रयोगांत वापर झाला आहे. निष्कर्ष दोन बाजूंचे आहेत. अनाहूत प्रतिमा बहुतेकांना येतात, त्या शब्दांत नव्हे तर दृश्यतुकड्यांत येतात, आणि बहुतेकांच्या बाबतीत त्या काही दिवसांत विरळ होत जातात. एमिली होम्स आणि सहकाऱ्यांनी २००९ मध्ये दाखवले, की अशा चित्रफिती पाहिल्यानंतर अर्ध्या तासाने टेट्रिस हा ठोकळ्यांचा खेळ खेळणाऱ्यांना आठवडाभरात अशा प्रतिमा कमी आल्या; ताजी दृश्यस्मृती मनात पक्की होत असताना दृष्टीचे दुसरे काम आड आले की ती तितकी घट्ट बसत नाही, असे त्याचे स्पष्टीकरण आहे. मनाच्या आघाताची वैद्यकीय व्याख्याही येथे लक्षात घ्यावी : अमेरिकन मानसोपचार संघटनेच्या २०१३ च्या निदानपुस्तिकेनुसार केवळ पडद्यावर पाहिलेली घटना आघातोत्तर ताणविकाराचे निदान करण्यास पुरेशी नसते, अपवाद कामाचा भाग म्हणून असे साहित्य पाहावे लागणाऱ्यांचा. याचा अर्थ चित्रपट दुखावत नाही असा होत नाही. हॅरिसन आणि कँटर यांनी १९९९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या पाहणीत सुमारे चौथाई विद्यार्थ्यांनी लहानपणी किंवा पौगंडावस्थेत पाहिलेल्या एखाद्या भीतिदायक दृश्याची अस्वस्थता अजून पुरती गेली नसल्याचे सांगितले. लहान वयात पाहिलेले खोल जाते, हे या पाहणीतून निघणारे सर्वांत ठोस अनुमान आहे.

वारंवार पाहण्याने मन बोथट होते का, या प्रश्नावर लिंझ, डॉनरस्टाइन आणि पेनरॉड यांचे १९८० च्या दशकातील प्रयोग नेहमी पुढे येतात. स्त्रियांवरील हिंसेचे चित्रपट सलग काही दिवस पाहणाऱ्या तरुण पुरुषांना ते दिवसागणिक कमी क्लेशकारक वाटू लागले, आणि नंतर दाखवलेल्या बलात्काराच्या खटल्यातील पीडितेविषयीची त्यांची सहानुभूती घटलेली दिसली. ही गंभीर गोष्ट आहे. मात्र ते चित्रपट एकामागून एक बळी घेत जाणाऱ्या रक्तपटांच्या जातीचे होते, ज्यांत बळी पडणाऱ्या स्त्रीला मन नसते आणि तिच्या मरणाला नंतरचा काळ नसतो. ‘कम अँड सी’सारखा चित्रपट ओळीने पाच दिवस कुणी पाहत नाही, आणि पाहिला तरी प्रत्येक दृश्याबरोबर त्याचा परिणाम झालेला चेहरा दाखवला जात असल्याने बोथटपणाला वाव कमी राहतो. हिंसेच्या चित्रणाचे मोल ठरवताना रक्ताच्या प्रमाणापेक्षा हिंसेनंतरच्या काळाला मिळालेली जागा हीच अधिक विश्वासार्ह कसोटी आहे. त्या कसोटीवर खुद्द ‘इर्रेव्हर्सिबल’ थोडा उणा पडतो, कारण उलट्या क्रमामुळे त्या स्त्रीचा नंतरचा काळ कथेत उरतच नाही. चित्रपट तिच्या सुखी भूतकाळात संपतो आणि प्रेक्षकाला हळहळ मिळते, तिचे मन मात्र त्याच्या हाती लागत नाही.

दाखवण्याच्या नीतीवरचा वादही मोठा आहे. १९६१ मध्ये जाक रिव्हेत यांनी जिलो पॉन्तेकोर्वो यांच्या ‘कापो’ चित्रपटावर टीका केली ती एकाच हालचालीसाठी : छळछावणीतील स्त्री विजेच्या कुंपणावर जीव देते तेव्हा कॅमेरा पुढे सरकून ते प्रेत नेटक्या चौकटीत बसवतो, आणि असे करणाऱ्याविषयी तिरस्कारच वाटावा असे रिव्हेत यांचे म्हणणे होते. सुझन साँटॅग यांनी १९७७ मध्ये यातनांची छायाचित्रे पुन्हापुन्हा पाहून माणूस निबर होतो असे मांडले, आणि २००३ मधील पुस्तकात स्वतःच्या या मताला प्रश्न विचारला. भारतात हा वाद ‘बँडिट क्वीन’ (१९९४) या शेखर कपूर यांच्या चित्रपटाभोवती पेटला. सर्वोच्च न्यायालयाने १९९६ मध्ये चित्रपटाच्या बाजूने निर्णय देताना त्यातील नग्नता आणि बलात्कार प्रेक्षकाची वासना चाळवण्यासाठी नसून त्याच्या मनात पीडितेविषयी कणव आणि अत्याचाऱ्यांविषयी घृणा निर्माण करण्यासाठी आहेत असे मानले. म्हणजे भावनिक परिणामाची जातच निवाड्याचा आधार झाली. परंतु जिच्या आयुष्यावर तो बेतला होता त्या फूलनदेवी हयात होत्या आणि त्यांनी चित्रपटाला विरोध केला होता. जिवंत स्त्रीवरचा बलात्कार तिच्या संमतीवाचून पुन्हा उभा करण्याचा अधिकार कुणाला, हा अरुंधती रॉय यांनी तेव्हा उपस्थित केलेला प्रश्न न्यायालयाच्या उत्तराने मिटत नाही. प्रेक्षकाच्या मनात कितीही शुद्ध करुणा जागी झाली, तरी तिची किंमत दुसऱ्या कुणी मोजली असेल तर ती करुणा निष्कलंक राहत नाही.

परिणाम कोणत्या प्रेक्षकावरून मोजायचा यावर न्यायालयांनी धरलेले माप नागपुरातून आलेले आहे. गोविंद निहलानी यांच्या फाळणीवरील ‘तमस’ मालिकेविरुद्धच्या याचिकेवर १९८८ मध्ये निर्णय देताना सर्वोच्च न्यायालयाने नागपूर उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती व्हिव्हियन बोस यांचे १९४७ मधील मत आधाराला घेतले, की शब्दांचा परिणाम समंजस, खंबीर आणि धैर्यवान माणसांवरून जोखावा, दुबळ्या आणि डळमळीत मनांवरून नव्हे. स्वातंत्र्याच्या रक्षणासाठी हे माप योग्यच आहे. प्रेक्षागृहात मात्र खंबीर मनाची माणसेही स्वतःचा इतिहास घेऊन बसलेली असतात, आणि ज्याने फाळणी, दंगल किंवा घरातला अत्याचार भोगला आहे त्याचे मन दुबळे म्हणून नव्हे तर त्याला अधिक ठाऊक आहे म्हणून हलते. पूर्वसूचना हा त्यावरचा प्रचलित उपाय. पण ब्रिजलँड आणि सहकाऱ्यांनी २०२३ मध्ये अनेक प्रयोगांचा एकत्रित आढावा घेतला तेव्हा अशा सूचनांनी पाहण्याआधीची धास्ती वाढते आणि प्रत्यक्ष क्लेश मात्र कमी होत नाही असे दिसले. सूचनेचा खरा उपयोग ‘हा चित्रपट आज नको’ असे ठरवता येण्यापुरता आहे, आणि तेवढाही पुरेसा आहे.

मराठी रंगभूमीने आणि चित्रपटाने या प्रश्नाला स्वतःची उत्तरे दिली आहेत. विजय तेंडुलकर यांच्या ‘गिधाडे’ नाटकात माणिकच्या साडीवरचा रक्ताचा डाग परिनिरीक्षण मंडळाला खटकला आणि प्रयोगात तो निळा करावा लागला. पण प्रेक्षकाला अस्वस्थ करणारी गोष्ट त्या डागाच्या रंगात नव्हती, ती एकाच रक्ताच्या माणसांनी एकमेकांशी चालवलेल्या बोलण्यात होती. तेंडुलकरांच्याच पटकथेवरील निहलानी यांच्या हिंदी ‘आक्रोश’मध्ये (१९८०) लहान्या भिकू जवळजवळ संपूर्ण चित्रपटभर गप्प राहतो आणि बापाच्या चितेपाशी कुऱ्हाडीने बहिणीलाच मारतो, आपल्या बायकोवर झालेले अत्याचार तिच्यावरही होऊ नयेत म्हणून. प्रेक्षकाला येथे सूडही मिळत नाही. जिच्यासाठी जीव कळवळतो तिच्यावरच घाव पडतो आणि त्या घावामागचे प्रेम नाकारताही येत नाही. नागराज मंजुळे यांच्या ‘सैराट’मध्ये (२०१६) तर जातीबाहेर लग्न केलेल्या जोडप्याची हत्या दिसतच नाही. गाण्यांनी भरलेल्या चित्रपटातला आवाज एकाएकी नाहीसा होतो आणि रक्तात माखलेल्या पावलांनी त्यांचे मूल बाहेर चालू लागते. त्यातल्या ‘झिंगाट’ या गाण्यावर नाचलेली चित्रपटगृहे त्या शांततेत बसून राहिली. महोत्सवापुरत्या राहणाऱ्या कलाचित्रपटाची रीत येथे महाराष्ट्राच्या गावोगावच्या प्रेक्षकापर्यंत पोहोचली, आणि ज्या समाजात अशा हत्या घडतात त्याच समाजाला ती शांतता ऐकावी लागली. या दृष्टीने तो शेवट कान महोत्सवातील कोणत्याही धक्क्याहून मोठा आहे.

पाहण्याची जागाही परिणामात सहभागी असते. १९६८ मध्ये मुंबईत स्थापन झालेल्या प्रभात चित्र मंडळासारख्या फिल्म सोसायट्यांनी आणि पुण्यातील चित्रपट रसास्वाद शिबिरांनी मराठी प्रेक्षकाला कठीण चित्रपट समूहात पाहण्याची आणि नंतर त्यावर बोलण्याची सवय लावली. त्या बोलण्यात अनाहूत प्रतिमेला शब्द मिळतात, दुसऱ्यालाही तिथेच मान वळवावी लागली हे कळते आणि लाज एकट्याची राहत नाही. आता हेच चित्रपट मध्यरात्री मोबाइलच्या पडद्यावर एकट्याने पाहिले जातात. थांबवणे, पुढे सारणे, आवाज बंद करणे या सोयींनी नोए यांची नऊ मिनिटे आणि हानेके यांची दहा मिनिटे आपली सक्ती गमावतात, आणि दुसरीकडे चित्रपट संपल्यावर शेजारी कुणीच नसते. लाझारस यांच्या प्रयोगातील निवेदकाचे काम आता प्रास्ताविक करणाऱ्याकडे नाही तर शोधपट्टीत आलेल्या दोन ओळींकडे गेले आहे, आणि त्या ओळी बहुधा ‘सर्वांत भयंकर चित्रपट’ अशा याद्यांतल्या असतात. अशा यादीतून ‘कम अँड सी’कडे आलेला वीस वर्षांचा मुलगा सहनशक्तीची परीक्षा द्यायला बसलेला असतो, त्याला बेलारूस कुठे आहे हे आधी कुणी सांगितलेले नसते, आणि ६२८ हा आकडा पडद्यावर येईपर्यंत त्याने तो चित्रपट कदाचित बंदही केलेला असतो.